बाबांची तक्रार आणि आईचा आक्षेप

नाशिक,
२४ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

बाबांचे पत्र आणि सोबत घडी घालून पाठवलेली कात्रणे मिळाली. दहावीच्या निकालाची बातमी, एका मराठी मालिकेवर वैतागलेल्या वाचकाचे पत्र आणि वाढदिवसाच्या फलकावरील शुद्धलेखनाच्या चुकांचे छायाचित्र अशी तीन कात्रणे एका टाचणीत अडकवून तुम्ही खाली लिहिले आहे, की शिक्षण आणि करमणूक या दोहोंचा दर्जा रसातळाला गेला असून निदान तुझ्यासारख्या शिक्षकांनी तरी ते कबूल करावे. त्याच पत्राच्या समासात आईने बारीक अक्षरात आपला आक्षेप नोंदवला आहे: “पोरी दहावीपर्यंत पोहोचतात, ते मात्र यांना दिसत नाही.” फोनवर हा विषय निघाला की दोघांपैकी एकाचा आवाज चढतो आणि माझे म्हणणे राहून जाते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आधी घरचाच दाखला देते. आजोबा व्हर्नाक्युलर फायनल झालेले होते आणि आपल्या सातवीपुढे त्यांनी बाबांची अकरावीची मॅट्रिक कधी खिजगणतीत धरली नाही. बाबा १९७२ चे जुने एस.एस.सी.; १९७५ मध्ये दहावीची पहिली परीक्षा झाली त्या तुकडीत आई होती, आणि “एक वर्ष कमी असलेली मॅट्रिक” हा टोमणा तिने लग्नानंतर कित्येक वर्षे ऐकून घेतला. आपल्या एका घरात प्रत्येक पिढीने पुढच्या पिढीची परीक्षा सोपी ठरवलेली आहे. तरीही बाबांची तक्रार वयाची कुरकुर म्हणून बाजूला सारावी असे मला वाटत नाही, कारण तक्रार जुनी असली म्हणून ती खोटी ठरत नाही. ती कुठे लागू पडते आणि कुठे पडत नाही एवढे मात्र पाहावे लागते.

निकालाच्या बाबतीत ती लागू पडते, आणि त्याचा पुरावा गेल्या सात-आठ वर्षांतलाच आहे. २०१८ मध्ये राज्य मंडळाचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के लागला होता. पुढच्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांचे शाळेच्या हातात असलेले वीस गुण काढून घेतले गेले, शंभरच्या शंभर गुण लेखी परीक्षेवर आले, आणि निकाल एकदम ७७.१० टक्क्यांवर उतरला. शंभर टक्के मिळवणारी मुले आदल्या वर्षी १२५ होती, ती २० उरली. अभ्यासक्रमही त्याच वर्षी नवा होता हे मान्य केले तरी एका उन्हाळ्यात राज्यातली मुले मठ्ठ झाली असे कोणी म्हणणार नाही. मग ओरड सुरू झाली, की केंद्रीय मंडळांच्या शाळांतील मुलांना अंतर्गत गुण मिळतात आणि अकरावीच्या प्रवेशात आपली मुले मागे पडतात. ही ओरड खोटी नव्हती. सरकारने त्याच वर्षी निर्णय फिरवून वीस गुण परत आणले, आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे गुण सरासरीने दिले गेले होते, पण तेवढ्याने अठरा टक्क्यांचा फरक पडत नाही. २०२१ मध्ये परीक्षाच झाली नाही तेव्हा निकाल ९९.९५ टक्के होता. २०२५ चा ९४.१० आहे आणि शंभर टक्केवाले २११ आहेत, ज्यात कला-क्रीडेच्या वाढीव गुणांचा आणि सर्वोत्तम पाच विषय धरण्याच्या पद्धतीचा हातभार आहे.

या सगळ्यात मला बोलकी वाटते ती २०१९ ची माघार. मोजमाप कडक करून पाहिले, खरा आकडा समोर आला, आणि तो कोणालाच परवडला नाही. एकट्या राज्य मंडळाने कडक व्हायचे ठरवले तर शिक्षा त्याच मंडळाच्या मुलांना होते, म्हणून सगळेच सैल राहतात. तोंडी परीक्षेत वीसपैकी पंधराच्या खाली गुण मिळालेला विद्यार्थी माझ्या पाहण्यात क्वचितच आला आहे. शाळेचा निकाल, पुढच्या वर्षीची पटसंख्या आणि पटसंख्येवर टिकणारी शिक्षकांची पदे हे सगळे एकात एक गुंतलेले असताना तो दिसण्याचे कारणही नाही.

पण आई जे म्हणते त्याला बाबा उत्तर देत नाहीत, विषय बदलतात. १९९१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील साक्षर स्त्रियांचे प्रमाण सुमारे ५२ टक्के होते, २०११ मध्ये ते ७६ टक्क्यांच्या आसपास गेले. बाबांच्या वर्गातील मॅट्रिक झालेली मुले आधीच गाळून आलेली होती. जी शाळेपर्यंत पोहोचलीच नाहीत किंवा चौथीनंतर गुरांमागे गेली, त्यांची सरासरी त्या काळच्या दर्जात कोणी धरली नाही. आईने जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका म्हणून काढलेल्या वर्षांत नापास झालेल्या मुलीचे पुढे काय होते ते पाहिलेले आहे. मुलगा नापास झाला तर त्याच वर्गात पुन्हा बसत असे. मुलगी नापास झाली की दप्तर खुंटीला लागत असे आणि पुढच्या वैशाखात मांडव. शिक्षण हक्क कायद्याने २०१० पासून आठवीपर्यंत कोणाला नापास करायचे नाही असे ठरवले, तेव्हा लोकांनी त्याला ‘ढकलपास’ म्हणून हिणवले, पण त्यामागचा हेतू आईला पटला होता आणि मलाही पटतो.

हेतूचे पुढे काय झाले तेही आईनेच मला दाखवले होते. नापास करायचे नाही याचा अर्थ वर्षभर मुलाकडे लक्ष देऊन त्याचे सातत्यपूर्ण मूल्यमापन करायचे असा होता. प्रत्येक मुलाच्या प्रत्येक विषयासमोर शिक्षकाने स्वतःचे निरीक्षण म्हणून वर्णनात्मक नोंद लिहायची होती. निवृत्तीच्या आधीच्या काही वर्षांत आईच्या टेबलावर त्या नोंदींची तयार यादी असायची, जी शिक्षकांच्या गटांतून मोबाइलवर फिरत फिरत आलेली होती. “प्रश्नांची उत्तरे स्वतःच्या शब्दांत सांगतो” हे वाक्य एकाच हजेरीपटातील अकरा मुलांच्या समोर एकाच शब्दांत उतरवलेले मी पाहिले आहे. आई मात्र नोंदी स्वतः लिहीत असे, म्हणून तिचे काम सगळ्यांत शेवटी संपत असे आणि केंद्रप्रमुख तिलाच उशिराबद्दल विचारत. कायदा मुलांना वर्गात ठेवू शकला. वर्गात बसलेल्या मुलाला वाचता येते की नाही हे पाहण्याचे काम कागदावर उरले. ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत २०१० साली सुमारे ५४ टक्के होते, २०१२ मध्ये ४७, २०१८ मध्ये ५०, करोनानंतर २०२२ मध्ये ४३ आणि २०२४ मध्ये ४९ टक्के. याला रसातळ म्हणता येणार नाही, पण पंधरा वर्षे आपण निम्म्यावरच घुटमळत आहोत. यातली अनेक मुले घरातली शाळेत जाणारी पहिलीच असतात, हे बाबांनी विसरू नये.

माझी स्वतःची काळजी याहून वेगळ्या ठिकाणी आहे, आणि बाबांच्या कात्रणांत ती नाही. मला वाटते, ओळीने विचार मांडून तो लिहून दाखवण्याची अपेक्षा आपण सामान्य विद्यार्थ्याकडून ठेवणेच सोडून दिले आहे. हुशार मुले पूर्वीइतकीच आहेत, कदाचित जास्तच. कच्ची मुले पूर्वीही होती, फक्त ती शाळेबाहेर होती. ज्याच्याकडून काही मागितले असते तर ज्याने ते दिले असते, त्या मधल्या मुलाकडून आता काही मागितलेच जात नाही.

दहावीच्या मराठीचेच पाहा. आता प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिका असते. पाठ्यपुस्तकातील उतारा कृतिपत्रिकेतच छापलेला असतो. त्याखाली चौकटी पूर्ण करायच्या, ओघतक्ता भरायचा, जोड्या लावायच्या, आणि शेवटी तीन गुणांचे ‘स्वमत’. ज्यांनी ही रचना केली त्यांचा उद्देश चांगला होता, कारण आमच्या वेळचे ‘संदर्भासह स्पष्टीकरण’ ही निव्वळ गाइडमधून पाठ केलेली पोपटपंची होती आणि बाबांच्या वेळीही ‘अपेक्षित’ प्रश्नांचे संच विकले जातच होते. पण झाले असे, की चौकटी भरण्यासाठी पाठ वाचलेला असण्याची गरज उरली नाही. माझ्या वर्गातील एका चुणचुणीत मुलीने मागच्या महिन्यात उतारा न वाचताच, केवळ चौकटींतील शब्द उताऱ्यात शोधून, सगळ्या कृती अचूक सोडवल्या. लेखकाचे म्हणणे तुला पटते का, या स्वमताच्या प्रश्नाला तिने उताऱ्यातलीच दोन वाक्ये मागेपुढे करून लिहिली होती. मी विचारले, “यात तुझे मत कोणते?” ती अगदी निरागसपणे म्हणाली, “मॅडम, मत नाही लिहिले तरी गुण मिळतात.” तिचे काही चुकले नव्हते, परीक्षेने तिच्याकडून जे मागितले तेवढे तिने दिले. सलग लिहिण्याचा म्हणावा असा एक प्रश्न आठ गुणांचा असतो, आणि त्याच्याही तयार प्रती बाजारात मिळतात.

पुढे तर तेवढेही लागत नाही. दहावीनंतर मूल शिकवणीच्या वर्गात जाते, कनिष्ठ महाविद्यालयात त्याचे नाव असते आणि बरेचदा नुसते नावच असते. बारावीच्या लेखी परीक्षेला प्रवेशाच्या दृष्टीने पात्रतेपुरती किंमत उरली आहे. खरी चाळणी नीट, जेईई आणि सीईटी या परीक्षांची, आणि तिथे बहुतेक प्रश्नांत चार पर्यायांतील एक निवडायचा असतो. या परीक्षा सोप्या आहेत असे मी अजिबात म्हणत नाही, बाबा; नीटचा भौतिकशास्त्राचा भाग तुम्हाला-मला झेपणार नाही. पण डॉक्टरकीला कोण जाणार हे ठरवताना मुलाने लिहिलेला एकही परिच्छेद कोणी वाचत नाही, ही गोष्ट मला निकालाच्या फुगवट्यापेक्षा गंभीर वाटते. अधिकारी निवडणाऱ्या परीक्षेतही तेच झाले. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०१२ पासून बहुतांश बहुपर्यायी प्रश्नांची झाली. लोकसेवा आयोगाने ती पुन्हा वर्णनात्मक करायचे ठरवले तेव्हा २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात मुले रस्त्यावर उतरली आणि बदल २०२५ पर्यंत पुढे ढकलावा लागला. त्या मुलांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. खोलीचे भाडे भरत, मेसचे डबे खात ज्यांनी वर्षानुवर्षे एका पद्धतीची तयारी केली, त्यांना ऐनवेळी “आता निबंध लिहा” म्हणणे क्रूरच होते. मात्र पंचविशीतल्या पदवीधरांना लिहायला सांगणे हाच अन्याय वाटावा, इथपर्यंत आपण आलो आहोत.

असे का झाले, याचे उत्तर मला तरी फार गूढ वाटत नाही. लिहिलेले कोणीतरी वाचावे लागते. चौकट तपासायला दोन सेकंद लागतात, पर्यायी उत्तर यंत्र तपासते, पण साठ मुलांचे निबंध वाचून प्रत्येकाखाली दोन ओळी लिहायच्या तर एका शिक्षकाचे तीन-चार दिवस जातात, आणि तो शिक्षक तिथे असावा लागतो. राज्यात २०१२ नंतर अनेक वर्षे शिक्षकभरती थांबलेली होती. भरती झाली तरी पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर जातात. प्राथमिक शाळेत हे मानधन २०२३ मध्ये वाढून महिना १६,००० रुपये झाले. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणारे प्राध्यापक दोन-दोन गावांत एस.टी.ने फिरून तास घेतात. त्यात २०१९-२० च्या शिक्षक पात्रता परीक्षेत गुणांत फेरफार करून पात्र ठरलेले साडेसात हजारांहून अधिक उमेदवार उघडकीस आले. शिक्षकाच्या पदाची ही अवस्था असताना विद्यार्थ्याच्या लेखनाचा दर्जा टिकेल अशी अपेक्षा करणे म्हणजे आडात नसलेले पोहऱ्यात शोधणे आहे.

करमणुकीबद्दल मी बाबांशी अर्धीच सहमत आहे. तुमच्या तरुणपणी घराघरांत ‘सत्यकथा’सारखे वाङ्मयीन मासिक वाचले जात होते अशी काहीशी समजूत तुमच्या पत्रात आहे, पण त्याच काळात बाबुराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथा वाचनालयांतून फाटेस्तोवर फिरत होत्या, आणि तुमच्या उशीखाली काय असे ते आत्याने मला सांगितलेले आहे. द्व्यर्थी संवादांच्या चित्रपटांना रौप्यमहोत्सवी गर्दी होती तीही तेव्हाच. शिवाय १९६९ मध्ये तरुण लेखकांनी त्याच ‘सत्यकथे’ची होळी केली होती, कारण त्यांच्या मते तिथेच सगळे साचले होते. उथळ ते तेव्हाही भरपूर होते. आणि सखोल ते आजही आहे: १९७६ मध्ये ज्याचा पहिला खंड निघाला तो मराठी विश्वकोश आता इंटरनेटवर फुकट वाचता येतो, त्याचे कार्यालय असलेल्या वाईला जावे लागत नाही. इथे गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणात मे महिन्यात भरणारी वसंत व्याख्यानमाला शंभरी ओलांडून चालू आहे, जरी समोरच्या खुर्च्यांवर बहुतेक डोकी पांढरी असली तरी.

गेले ते मधले. एस.टी.च्या डेपोत हिशेब लिहिणारा माणूस ‘माणूस’ साप्ताहिकातील राजकारणावरचा दीर्घ लेख जेवणाच्या सुटीत वाचतो आणि त्यावर सहकाऱ्याशी भांडतो, खेड्यातली शिक्षिका ‘स्त्री’ आणि ‘किर्लोस्कर’ यांचे अंक मैत्रिणींत फिरवते, ही गोष्ट तेव्हा विशेष मानली जात नव्हती. ते लेख विद्वानांसाठी नव्हते; जरा नेट लावला तर कळतील असे होते, आणि वाचकाने तेवढा नेट लावावा असे संपादक गृहीत धरत. आता सामान्य माणसासाठी काही तयार करायचे म्हटले की त्याला काही कळणार नाही असे आधीच ठरवून टाकतात. सात वाजताच्या मालिकेत एकच गोष्ट तीनदा सांगतात ती त्यामुळेच. (आई, तू ती मालिका बघतेस हे मला माहीत आहे, मी प्रेक्षकाला दोष देत नाही, लिहिणाऱ्याला देते.) कृतिपत्रिकेतील चौकट आणि ही मालिका यांच्यामागची समजूत मला एकच वाटते.

याच्या उलट घडलेलीही एक गोष्ट आहे, जी बाबांनी बहुधा वर्तमानपत्रात वाचली असेल. पुण्यात १९६३ पासून महाविद्यालयीन एकांकिकांची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा भरते. २०२२ मध्ये परीक्षकांनी अंतिम फेरीनंतर सांगितले, की करंडकाच्या योग्यतेचे एकही सादरीकरण नाही, आणि त्या वर्षी करंडक कोणालाच दिला नाही. केवढा गदारोळ झाला! मुलांनी महिनोन्‌महिने तालमी केल्या होत्या, तुलनेने जी चांगली ती पहिली ठरवायला काय हरकत होती, असे अनेकांनी विचारले. तो निकाल बरोबर होता की नाही हे त्या एकांकिका न पाहता मी सांगू शकत नाही. परंतु स्पर्धा त्यामुळे बुडाली नाही, पुढच्या वर्षी मुले पुन्हा तालमीला उभी राहिली. दहावीच्या निकालात हे धाडस २०१९ मध्ये चार-दोन महिनेच टिकले, कारण तिथे नापास होणाऱ्याला पुढच्या वर्षी उभे राहायला मदत करणारी माणसे नेमलेलीच नव्हती. नापास करणे सोपे असते, बाबा. त्यानंतर त्याच मुलाबरोबर बसणे कठीण असते, आणि ते आईने केलेले आहे.

तेव्हा माझ्याकडून जे कबूल करून हवे आहे त्यातले एवढेच कबूल करते, की मुलांकडून आपण कमी मागतो. आमच्या शाळेत मी जूनपासून नववीच्या एका तुकडीला दर शनिवारी पाऊण तास देऊन एक पान लिहायला लावते. विषय साधे असतात: गणपतीच्या मंडपासाठी रस्ता अडवावा का, आठवीपर्यंत नापास न करण्याचा नियम योग्य होता का, असे. अट एकच, मत मांडायचे आणि त्याचे कारण द्यायचे. पहिल्या काही आठवड्यांत पाच-सहा ओळींच्या पुढे कोणी गेले नाही. आता निम्मी मुले पानभर लिहितात, आणि दोघे-तिघे पाठीमागच्या बाजूलाही. माझी अडचण तुम्ही ओळखली असेलच. बावन्न वह्या आहेत आणि इतर चार तुकड्यांचे काम आहे.

म्हणून विचारते, की दर पंधरवड्याला मी वीस-पंचवीस वह्या कुरिअरने कराडला पाठवल्या तर चालतील का? बाबांनी शुद्धलेखन आणि युक्तिवाद पाहावा, लाल शाई हवी तेवढी वापरावी, पण “अक्षर सुधारा” एवढाच शेरा देऊन सुटका करून घेऊ नये. मत का पटले नाही ते मुलाला कळेल असे लिहावे. आईने ज्या वह्यांत दोन-तीनच ओळी आहेत त्या आधी घ्याव्यात, कारण त्या मुलांकडून चौथी ओळ कशी काढायची ते आमच्या शाळेत कोणापेक्षाही तिला जास्त कळते. नापास कोणाला करायचे नाही आणि गुणही द्यायचे नाहीत. होकार असेल तर फोनवर तेवढेच सांगा. पहिला गठ्ठा गणपती झाल्यावर निघेल. बाबांनी रक्तदाबाची गोळी वेळेवर घ्यावी.

तुमची,
मेधा